यादीतले शेवटचे ‘आणि’

१. संगणकाला व्याकरण कळते काय?

प्रोग्रामलेखनाशी ज्यांचा कधी संबंध आलेला नाही अशा सुशिक्षित मंडळींकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो असा की, संगणक जर पावती, पत्र आणि निमंत्रण शुद्ध मराठीत छापून देतो, तर त्याला मराठीचे व्याकरण येत असलेच पाहिजे; मग ते त्याला शिकवले कोणी? अफाट मजकूर पचवून भाषा उचलणाऱ्या अलीकडच्या प्रणालींची गोष्ट निराळी आहे व ती ह्या प्रकरणाच्या कक्षेबाहेर राहील. परंतु दफ्तरी कामात रोज वापरल्या जाणाऱ्या साध्या प्रोग्रामापुरते बोलायचे, तर उत्तर सरळ आहे. संगणकाला व्याकरण मुळीच येत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्या इसमाने आपल्या भाषेचा जो नियम स्वतः उमजून, त्याचे पदर सोडवून, एकामागून एक अशा आज्ञांत मांडला असेल, तेवढाच नियम संगणक निमूटपणे पाळतो.

हे पडताळून पाहण्यासाठी आपण एक अगदी लहान काम घेऊ. एका गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस सभेचे इतिवृत्त लिहीत आहेत. हजेरीपटावर सभासदांची नावे एकाखाली एक अशी आहेत, आणि इतिवृत्तात मात्र ती एका वाक्यात, ‘गणेश, सुमती आणि विठ्ठल’ अशा रीतीने, ओवलेली हवीत. नवशिक्यांना पायथन भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांतून हा प्रश्न वरचेवर भेटतो. अल स्वाइगार्ट यांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथन’ ह्या लोकप्रिय पुस्तकात यादीवरील प्रकरणाच्या शेवटी अभ्यासासाठी तो दिलेला आहे. मात्र तेथे तो इंग्रजीसाठी आहे, आणि इंग्रजीतली पायवाट मराठीत थोड्याच अंतरावर संपते, हे पुढे दिसेल.

२. यादी, आणि शून्यापासून मोजणी

पायथन ही भाषा खिडो फान रॉसम ह्या डच प्रोग्रामलेखकाने निर्माण केली व १९९१ साली प्रथम लोकांपुढे ठेवली. तिच्या २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून प्रोग्रामातल्या वस्तूंना देवनागरी नावे देण्याची मुभा आहे, म्हणून ‘नावे’ हे नाव पायथनला खुशाल चालते. आज्ञांचे शब्द मात्र रोमन लिपीतलेच राहतात. वाचकांच्या सोयीसाठी ह्या प्रकरणात त्या आज्ञाही मराठीत मांडल्या आहेत.

नावे = ["गणेश", "सुमती", "विठ्ठल"]

चौकटी कंसांत, स्वल्पविरामांनी विलग करून ठेवलेल्या ह्या क्रमबद्ध संचयाला ‘यादी’ म्हणायचे. यादीतील प्रत्येक नावाला क्रमांक असतो, आणि तो एकापासून सुरू न होता शून्यापासून होतो: गणेश शून्यावर, सुमती एकावर, विठ्ठल दोनावर. हा शिरस्ता नवख्याला तऱ्हेवाईक वाटतो. एड्सखर डाइक्स्ट्रा ह्या दुसऱ्या डच पंडिताने १९८२ साली एक छोटेसे टिपण लिहून शून्यापासून मोजण्याची बाजू मांडली होती; तिचा तपशील येथे नको, पण ह्या रीतीमुळे ‘अमुक क्रमांकापासून तमुकच्या अलीकडेपर्यंत’ असा हिशेब अधिकउणे न करता जमतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आपल्या कामाला त्याहून उपयोगी पडणारी सवलत अशी की, पायथनमध्ये उलट्या बाजूनेही मोजता येते. नावे[-1] म्हणजे शेवटून पहिले नाव, मग यादी तिघांची असो वा तीनशेंची. आणि नावे[:-1] म्हणजे ते शेवटचे नाव वगळून बाकीची सगळी. आपल्या वाक्याची रचना नेमकी ह्याच जागी दुभंगते, कारण ‘आणि’ हा शब्द शेवटच्या नावाच्या दाराशी उभा असतो व त्याआधीच्या मंडळींना स्वल्पविरामावर भागवावे लागते.

३. डबे आणि सांधे

आगगाडीला पाच डबे असतील तर त्यांमधले सांधे चार असतात. नवशिक्या लेखक नेमका येथे फसतो. तो प्रत्येक नावापुढे स्वल्पविराम लिहीत सुटतो आणि शेवटच्या नावापुढेही एक स्वल्पविराम लोंबकळत राहतो. नावांइतके सांधे नसतात, एकाने कमी असतात, आणि आपल्या गाडीत तर शेवटचा सांधा जातीनेच निराळा आहे: तो ‘आणि’ आहे.

स्वल्पविरामाचे सांधे जोडण्याची सोय पायथनमध्ये तयार आहे. तिचे नाव ‘जॉइन’. तिची एक लकब प्रथमदर्शनी उफराटी भासते: यादीला ‘तू जुळून ये’ असे न सांगता सांध्याच्या चिन्हालाच ‘तू ह्या नावांमधून फीर’ असे सांगायचे असते. एकदा अंगवळणी पडले की त्यातली सोय कळते, कारण शेवटी लोंबणारा तो जादा स्वल्पविराम ही आज्ञा आपण होऊनच टाळते. आता पहिला मसुदा असा होईल:

शेवटचे = नावे[-1]
आधीची = नावे[:-1]
उत्तर = (", " ने आधीची जोड) + " आणि " + शेवटचे

तीन नावे दिली की ‘गणेश, सुमती आणि विठ्ठल’ असे निर्दोष उत्तर मिळते. ‘आणि’च्या दोन्ही बाजूंस सोडलेली मोकळी जागा अवतरणचिन्हांच्या आत आहे, हे पाहून ठेवावे; ती राहून गेली की संगणक ‘सुमतीआणिविठ्ठल’ असा अखंड शब्द छापतो व त्यात त्याला काडीचेही वावगे वाटत नाही.

४. दोन, एक आणि कोणीच नाही

मसुदा तीन नावांवर चालला म्हणजे काम फत्ते झाले, अशी समजूत करून घेण्याचा मोह सर्वांनाच होतो. परंतु प्रोग्रामाची खरी परीक्षा नेहमी काठावरच्या प्रसंगी होते, म्हणून यादी एकेका नावाने लहान करीत जाऊ.

दोन नावे दिली, तर ‘आधीची’ ह्या यादीत एकटा गणेश उरतो. एका डब्याला सांधा लागत नाही, म्हणून ‘गणेश आणि सुमती’ असे बिनचूक वाक्य आपोआप येते. अमेरिकी इंग्रजीत मात्र ‘आणि’च्या अर्थाच्या शब्दाआधीही स्वल्पविराम देण्याची रीत असल्यामुळे, आणि दोनच नावे असता तो देत नसल्यामुळे, तेथील लेखकाला दोन नावांची वेगळी शाखा लिहावी लागते. मराठीला ह्यातून सूट मिळाली आहे.

एक नाव दिले, तर? ‘आधीची’ ही यादी रिकामी, तिच्या जोडणीतून रिकामी अक्षरमाला, आणि पुढे उत्तर उभे राहते ते ‘ आणि विठ्ठल’ असे, म्हणजे वाक्याचे पूर्वार्ध कोणी फाडून नेल्यासारखे. संगणक येथे तक्रार करीत नाही. तो हे मुकाट्याने छापून मोकळा होतो, आणि असल्या गुपचूप चुकाच अधिक महागात पडतात. उलट एकही नाव दिले नाही, तर नावे[-1] ह्या पहिल्याच आज्ञेवर प्रोग्राम थबकतो व ‘असा क्रमांक यादीत नाही’ अशा अर्थाची कैफियत देऊन काम थांबवतो. तेव्हा शुद्ध मसुदा असा:

जर नावांची संख्या 0: उत्तर = ""
नाहीतर, जर नावांची संख्या 1: उत्तर = नावे[0]
नाहीतर: उत्तर = (", " ने नावे[:-1] जोड) + " आणि " + नावे[-1]

रिकाम्या यादीला रिकामे उत्तर द्यावे की ‘कोणीही’ हा शब्द द्यावा, ह्याचा निवाडा येथे मुद्दाम केलेला नाही. ‘कोणीही’ आले की मागून ‘नाही’ यावे लागते, आणि ‘नाही’ आले की वाक्याचे क्रियापदच पालटते. हा कारभार नावे जोडणाऱ्या तुकड्याचा नसून संपूर्ण वाक्य बांधणाऱ्याचा आहे.

हे नियम प्रत्येक लेखकाने आपापल्या घरी नव्याने शोधावेत असेही नाही. युनिकोड संघटनेच्या ‘सीएलडीआर’ नावाच्या भांडारात शेकडो भाषांसाठी यादी जोडण्याचे साचे नोंदलेले आहेत: दोनच नावे असतील तर, आरंभीचा सांधा, मधला, आणि अखेरचा. स्पॅनिशसारख्या भाषेला एवढ्यानेही भागत नाही, कारण तिथला ‘इ’ हा जोडशब्द पुढचे नाव ‘इ’ ह्या ध्वनीने सुरू झाले की ‘ए’ होतो. फेर्नांदो आणि इसाबेल ह्या राजाराणीची नावे एकत्र घेताना तो असाच बदलतो. मराठीचे ‘आणि’ पुढच्या नावाची अशी पर्वा करीत नाही.

५. क्रियापदाची कचेरी

इथवर सारे सुरळीत चालले. इंग्रजीत शिकणाऱ्याचे काम जवळजवळ येथेच संपते, कारण एक असेल तर एकवचनी आणि अधिक असतील तर अनेकवचनी क्रियापद, एवढा एकच निर्णय त्याला उरतो व तो नुसत्या मोजणीने होतो. मराठीत मोजणी पुरत नाही. ‘गणेश आला’, ‘सुमती आली’. दोघी स्त्रिया असतील तर ‘आल्या’, दोघे पुरुष असतील तर ‘आले’. स्त्री-पुरुष एकत्र असतील तर छापील मजकुरात बहुधा ‘आले’, पण घरगुती बोलण्यात ‘नवराबायको आली’ असे नपुंसकलिंगी अनेकवचनही खुशाल चालते. ह्यावर कडी अशी की, एकटे अध्यक्ष आले तरी ते ‘आले’, एकट्या सुमतीबाई आल्या तरी त्या ‘आल्या’. म्हणजे संख्या एक असूनही आदरापोटी वचन अनेक. ज्या यादीत केवळ नावेच आहेत तिला ह्यातले काहीही ठाऊक नसते. प्रत्येक नावापुढे लिंगाचा एक रकाना आणि आदराचा दुसरा रकाना भरून घ्यावा, तेव्हा कोठे क्रियापद ठरणार. आणि नावाच्या शेवटच्या अक्षरावरून लिंग ताडण्याची युक्ती करू जावे, तर ‘किरण’ आणि ‘शशी’ ही नावे ती पहिल्याच दिवशी हाणून पाडतात.

विभक्तीचे संकट ह्याहून मोठे. ‘ठराव मांडला’ असे म्हणायचे झाले की नावेच बदलू लागतात: विठ्ठलाने, सीतेने, विष्णूने, काळ्यांनी, गोऱ्यांनी, देशपांड्यांनी. सीतेच्या ‘ता’चा ‘ते’ होतो, काळ्यांच्या ‘ळे’चा ‘ळ्यां’ होतो, आणि ‘गोरे’मधल्या ‘र’ला तर आपला नेहमीचा वेश टाकून ‘ऱ्या’चा वेश घ्यावा लागतो. हे सामान्यरूप घडवण्याचे नियम आज्ञांत उतरवू म्हटले तर आपल्या तीन ओळींच्या प्रोग्रामाचा ग्रंथ होईल.

आणि तरीही आपल्या जुन्या कारकुनांनी हा गुंता, संगणकाचे नावही कानी नसताना, सफाईने सोडवून ठेवलेला आहे. कोणतेही इतिवृत्त, जाहीर नोटीस वा देणगीदारांचा फलक उघडून पाहावा. तेथे ‘काळे, गोरे आणि देशपांडे यांनी ठराव मांडला’ असे वाक्य आढळेल. नावे जशीच्या तशी, अविकृत, प्रथमेत उभी आहेत, आणि विभक्तीचा सगळा भार एकट्या ‘यांनी’ने उचलला आहे. ‘यांना’, ‘यांचा’, ‘यांस’, ‘यांच्याकडून’ ही सगळी त्याच घराण्यातली. शिवाय ‘यांनी’ आले की सकर्मक क्रियापदाचे भूतकाळी रूप कर्माच्या मागे जाते: ठराव मांडला, देणगी दिली, पुस्तक भेट दिले. मांडणारे किती, स्त्रिया किती, पुरुष किती, ह्याची क्रियापदाला खबरबातही लागत नाही. आदरार्थी एकवचनालाही हेच रूप चालत असल्यामुळे ‘विठ्ठल यांनी ठराव मांडला’ हेही तितकेच शुद्ध. म्हणजे एक आणि अनेक ह्यांतला भेदही गळाला.

उपस्थितीच्या वाक्यालाही हाच उपाय लागू करता येतो. ‘सभेस अमुक उपस्थित होते’ असे लिहिले की होता, होती, होते, होत्या ह्या चौघांतून एकाची निवड करणे आले. ‘सभेस अमुक यांची उपस्थिती होती’ असे लिहिले की क्रियापद ‘उपस्थिती’ ह्या शब्दाशी जखडले जाते आणि सदासर्वकाळ ‘होती’ एवढेच राहते. असल्या वाक्यांना कचेरीचा वास येतो अशी तक्रार होते व ती गैरवाजवी नाही. पण प्रस्तुत लेखकाच्या मते जो प्रोग्राम लिहावयास बसला आहे त्याने आज्ञांना हात घालण्यापूर्वी वाक्य निवडण्यात वेळ घालवावा, कारण येथे वाक्याच्या एका फेरफाराने दोन रकाने आणि अर्धा डझन शाखा वाचल्या.

६. ‘व’, ‘आणि’, आणि स्वल्पविरामाचे तंटे

मोडीच्या जुन्या दफ्तरात विरामचिन्हे तर नाहीतच, शब्दांमध्ये मोकळी जागाही नाही. वाचणाऱ्याने अर्थावरून तोडायचे. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना, म्हणजे मोल्सवर्थच्या कोशकार्यातील त्यांच्या सहकाऱ्याला, सामान्यतः दिले जाते. तेव्हा ज्या स्वल्पविरामावर आपण हा सगळा डोलारा रचला, तो मराठीत तसा नवखा पाहुणा आहे.

यादीतली नावे साधी असतात तोवर तो नीट वागतो. पण संस्थेच्या हजेरीपटावर ‘श्री. व सौ. काळे’ अशी एक नोंद असते, आणि नावे ‘व’ने जोडली तर ‘गोरे व श्री. व सौ. काळे’ असा विचित्र घोळ होतो. येथे मराठीच्या दोन जोडशब्दांचा फायदा घ्यावा: नोंदीच्या आत ‘व’, नोंदीनोंदींच्या मध्ये ‘आणि’. ‘गोरे, देशपांडे आणि श्री. व सौ. काळे’ हे वाचताना कोणी अडखळत नाही. तसेच ‘गोरे, चिटणीस’ अशी हुद्द्यासकट नोंद असेल, तर स्वल्पविराम नोंदीच्या आतच खर्च झालेला असतो. चिटणीस हे आडनावही असल्यामुळे एका माणसाची दोन माणसे व्हायला वेळ लागत नाही. अशा ठिकाणी सांधा म्हणून अर्धविराम घ्यावा, आणि प्रोग्रामात तो कायमचा लिहून न ठेवता बाहेरून देता येईल अशी तजवीज करावी.

ह्या चिन्हांचे तंटे कधी न्यायालयापर्यंतही जातात. अमेरिकेतील मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या गाडीचालकांनी जादा कामाच्या वेतनासाठी दावा लावला. जादा वेतनातून वगळलेल्या कामांची जी यादी कायद्यात होती, तिच्यातील शेवटच्या ‘किंवा’आधी स्वल्पविराम नव्हता, आणि त्यामुळे माल पोचवण्याचे काम वगळले आहे की नाही हे संदिग्ध राहिले. २०१७ साली अपील न्यायालयाने चालकांच्या बाजूने कौल दिला व पुढच्या वर्षी ५० लक्ष डॉलरांवर तडजोड झाली.

७. आधी कोण?

नावे कोणत्या क्रमाने यावीत, हा प्रश्न सभ्य समाजात सांध्यांपेक्षाही नाजूक. वर्णानुक्रम लावावा म्हणजे कोणाचा रुसवा नको, असे म्हणून पायथनची तयार क्रमवारी वापरली, तर ‘काळे’ हे ‘काशीकर’ यांच्या आधी येतात. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर, जवळजवळ शेपटाला, म्हणजे कोशाच्या क्रमाने काशीकर आधी हवेत. परंतु युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी, ‘व’च्या आधी जागा मिळाली आहे आणि साधी क्रमवारी त्या तक्त्यातले क्रमांकच पाहते. ‘ऱ्या’ची गंमत तर आणखी वेगळी: तो ‘ऱ’ एका संकेतांकाने लिहिता येतो, तसा साधा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही, कागदावर ‘गोऱ्हे’ दोन्ही वेळा सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे सभासद ठरतात आणि हजेरी एकाने फुगते. त्यावर उपाय असा की, नावे जोडण्यापूर्वी ती सर्व एकाच प्रमाणरूपात आणून घ्यावीत. पायथनच्या संग्रहात त्यासाठी तयार आज्ञा आहे.

क्रमाचा हा खल आपल्याकडे फार जुना आहे. संस्कृतात द्वंद्व समास केला की ‘आणि’ लागतच नाही, पण म्हणूनच कोणते पद आधी ह्याचे नियम करावे लागले. कमी स्वरांचे पद आधी, असे पाणिनीने सांगितले, म्हणून ‘शिवकेशवौ’. आणि अधिक पूज्य असेल ते आधी, अशी पुस्ती वार्तिककारांनी जोडली, जिचे उदाहरण म्हणून ‘मातापितरौ’ दिले जाते. पाणिनीचा नियम संगणकाला सहज शिकवता येईल, कारण स्वर मोजता येतात. वार्तिककारांचा नियम शिकवायचा तर हजेरीपटावर मानाच्या क्रमाचा एक रकाना लागेल, आणि तो कोणी भरायचा ह्यावरून संस्थेची एक स्वतंत्र सभा सहज होईल.

८. यादी लांबली तर

चाळीस सभासदांची नावे एका वाक्यात ओवण्यात अर्थ नाही. तेथे पहिली काही नावे घेऊन ‘काळे, गोरे आणि इतर ३८ सभासद’ असे म्हणणे बरे. ह्यासाठी प्रोग्रामाला एक मर्यादा सांगावी लागते, समजा दोन नावांची. यादी त्याहून लांबली की पहिली दोन नावे घ्यावीत, ‘इतर’ आणि उरलेली संख्या मिळून एक शेवटची नोंद बनवावी, आणि हे तीन तुकडे आपल्या जुन्याच तीन ओळींच्या स्वाधीन करावेत. त्या तीन ओळींना शेवटचा तुकडा माणूस आहे की संख्या, ह्याच्याशी कर्तव्य नसते. त्या नेहमीप्रमाणे ‘आणि’ लावून मोकळ्या होतात, आणि मागून ‘यांची उपस्थिती होती’ हेही जसेच्या तसे बसते. फक्त यादी नेमकी तिघांची असेल तेव्हा ‘काळे, गोरे आणि इतर १ सभासद’ असे छापले जाईल, आणि तो एकटा वगळलेला सभासद दुसऱ्या दिवशी सकाळी चिटणिसांच्या दाराशी उभा राहील. म्हणून उरलेली संख्या एक असेल तर ‘इतर’ लिहू नये, सरळ त्याचे नाव लिहावे. त्यासाठी आणखी एक ‘जर’ खर्ची पडला तरी हरकत नाही.